न बघता भरलेली मूठ

दैवशालाला नाव बदलायचा सल्ला देणारे आमच्या ऑफिसात बरेच येऊन गेले. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं तर फोनवर परस्पर तिची ‘दिव्या’ करून टाकली. तिनं आवाजही न चढवता सांगितलं, “दिव्या नावाचं आमच्याकडं कुणी न्हाई. मी दैवशाला. जमत नसंल तर ताई म्हणा.” तो माणूस तिच्या बापाच्या वयाचा. तेव्हापासून तो तिला दैवशालाताई म्हणतो आणि फोन ठेवताना नमस्कारही करतो. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसते, त्यामुळं असल्या गोष्टी मला फुकटात ऐकायला मिळतात.

मी तरन्नुम. रोज परतूरहून गाडीनं जालन्याला येते. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला फवारणी पंपांचं एक दुकान आहे, त्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस. खाली कुणी पंप चालू करून बघितला की वर आमचे चहाचे कप थरथरतात. आम्ही बियाणं कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे बाकीचे बनवतात. मी ते लॅबमधल्या माणसांना शिकवते आणि त्यांच्या शिव्या खाते. मला प्रोग्रॅमिंग येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. मला येत नाही म्हणून या लोकांना मला समजावून सांगावं लागतं, आणि समजावताना भल्याभल्यांची फे फे उडते.

दैवशालाची कधी उडाली नाही. ऑफिसचे मालक कल्याण सर पुण्याची नोकरी सोडून आले ते हास्केल नावाची एक भाषा डोक्यात घेऊनच. जालन्यात ती भाषा येणारे दोघंच असतील, एक सर आणि दुसरी त्यांनी शिकवलेली दैवशाला. ही फंक्शनल प्रकारातली भाषा आहे, असं सर पहिल्याच दिवशी मला म्हणाले आणि पुढं अर्धा तास इंग्रजीत बोलले. नंतर दैवशालानं मला खाली चहाला नेलं.

“गिरणीत दळण नेती ना तू? मंग पहिलं काय विचारती?”

“आधी कुणाचं काय दळलं ते.”

“बराबर. कारण आधीच्याचं पीठ जात्यात राहतं आन् आपल्यात येतं. या भाषेतल्या गिरणीत मागचं कायबी राहत न्हाई. ज्वारी टाकली की ज्वारीचंच पीठ. आज टाका, उद्या टाका, तेच.”

मला तेवढं पुरलं. अजूनही कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

आता त्या कामाबद्दल, कारण सगळं भांडण त्यावरून झालं. इथल्याच एका बियाणं कंपनीचं काम होतं. शेतकरी कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट घेतो, त्याच्या बियाचा एक लॉट होतो, तो लॅबमध्ये येतो. त्यातलं बी काढून वाळूच्या चार ट्रेमध्ये पेरतात, दरेक ट्रेला शंभर. किती उगवलं ते मोजतात. चारी ट्रेमध्ये फारच फरक पडला तर त्या तपासणीवर विश्वास ठेवायचा नाही, ती पुन्हा करायची. किती फरक चालतो हे उगवणीवर ठरतं; जवळजवळ काहीच उगवलं नाही तर थोडाही चालत नाही. फरक मर्यादेत असला तर सरासरी काढायची, आणि ती पंच्याहत्तरच्या खाली गेली की लॉट नापास. नापास झालेलं बी सरकी म्हणून तेलाच्या गिरणीत जातं. पास झालेलं पाकिटात भरून कुणाच्या तरी रानात. आजवर हा निकाल जालन्याच्या लॅबमध्ये गिरिजाबाई लावायच्या. यंदा कंपनीची दुसरी लॅब परतूरला निघणार होती आणि दोन्हीकडचा निकाल पहिल्यांदाच आमचं सॉफ्टवेअर लावणार होतं. ते चुकलं तर चांगलं बी तेलात जाणार, नाहीतर मेलेलं बी पेरलं जाणार.

दैवशालाची माय दुर्गाबाई वाटूरला याच कंपनीचा प्लॉट करते. नवरा गेल्यापासून एकटीच्या हिमतीवर. कपाशीचं क्रॉसिंग म्हणजे नराच्या फुलाचा पराग मादीच्या एकेका फुलाला हातानं लावायचा. सकाळी ऊन चढायच्या आत पाच-सहा बाया घेऊन ती रानात असते. दैवशाला शाळेत असताना रोज तेच करून शाळेत जायची आणि पिवळ्या बोटांनी वही उघडायची. दुर्गाबाईचा लॉट यंदा परतूरच्या लॅबमध्ये येणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कोड कल्याण सरांनी लिहिला होता. त्याची चाचणी कशानं घ्यायची, हे ठरवायचं होतं. सरांना एचयुनिट नावाचं साधन पाहिजे होतं. त्यात उदाहरण आपण लिहायचं आणि अपेक्षित उत्तरही आपणच लिहायचं. हे चार आकडे दिले तर पास आलं पाहिजे, ते चार दिले तर नापास. गिरिजाबाईंच्या लॅबमधली जुनी नोंद त्यांनी उदाहरणं म्हणून काढूनही ठेवली होती. तसं त्यांना तेवढ्याचीही गरज वाटत नव्हती. या भाषेत कंप्युटरनं कोड स्वीकारला की तो बहुतेक बरोबरच असतो, असं त्यांचं मत.

“भाषा फक्त एवढंच बघती की पोत्यात बी हाय, माती न्हाई,” दैवशाला म्हणाली. “ते बी उगवंल का, हे तिला काय कळतं?”

तिला क्विकचेक पाहिजे होतं. त्यात उदाहरणं लिहायचीच नाहीत. फक्त नियम सांगायचा, की काहीही आकडे आले तरी अमुक गोष्ट खरी राहिली पाहिजे. मग ते यंत्र स्वतःच मनाला येतील ते आकडे शेकड्यानं टाकून तुमचा नियम मोडायला बघतं.

“हे शिकायला वेळ आहे का आपल्याकडे?” सर म्हणाले. “आणि माझी उदाहरणं काय खोटी आहेत? पाच वर्षांची खरी नोंद आहे ती.”

“खरी हाये. पण निवडलेली हाये.”

“कुणी निवडली?”

“ते मला अजून कळलं न्हाई, सर. पण उदाहरणं बी आपलीच, उत्तरं बी आपलीच, आन् पास बी आपणच. ही परीक्षा हाय का हळदीकुंकू?”

मी हसले. हसायला नको होतं, पण हसले. सरांचा चेहरा लाल झाला आणि चिडल्यावर होतं तसं त्यांचं पुणं गळून पडलं. “लई शहाणी झाली तू. पुढच्या शुक्रवारी कंपनीची माणसं बघायला येऊन राह्यली. तवर तुझ्या त्या यंत्रानं एक जरी खरी चूक काढली तर तुझं खरं. न्हाई काढली तर एचयुनिट, आणि मंग हा विषय पुन्हा काढायचा न्हाई.”

“ठरलं,” दैवशाला म्हणाली. लगेच वळून तिनं स्क्रीनवर त्या साधनाची माहिती उघडली. सगळी इंग्रजीत.

दुपारी डबा खाताना मी तिला झापलं. “अगं, मालकाशी पैज लावती? नोकरी जड झाली का?” त्यावर तिनं मला लहानपणची एक गोष्ट सांगितली. तिनं स्वतःबद्दल मला सांगितलेली एवढीच.

मराठवाड्यात पेरणीच्या आधी घरचं बी तपासतात. पोत्यातून मूठभर काढायचं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि कोंब किती येतात ते बघायचं. एका वर्षी सोयाबीन होतं आणि दुर्गाबाईनं हे काम दैवशालाला सांगितलं. पोरीनं मन लावून केलं. टपोरे, चकचकीत, गोल दाणे शोधून शोधून काढले. सगळेच्या सगळे उगवले. ती नाचत मायला दाखवायला गेली. दुर्गाबाईनं विचारलं, दाणे कसे काढले? हिनं अभिमानानं सांगितलं. दुर्गाबाईनं तिला गल्लीच्या तोंडावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर दोन रट्टे घातले आणि कोंब आलेलं सगळं उकिरड्यावर टाकलं.

“म्हणली, रान निवडून पेरनार हायेस का? मूठ भरताना पोत्यात बघायचं न्हाई. तोंड तिकडं कर आन् हात घाल. जे येईल ते आपलं.” दैवशालानं भाकरीचा तुकडा मोडला. “दुसऱ्यांदा न बघता मूठ भरली तर निम्मं बी मेलेलं निघालं. आम्ही ते पेरलं न्हाई. म्हणून मला सरांची उदाहरणं नकोत. ती कुणीतरी बघून भरलेली हायेत.”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दुर्गाबाईच्या घरात ती उघडून मोजल्याशिवाय चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे दिवस तिचे वाईट गेले. ते साधन तिच्याशी धड बोलेना. आकडे शंभराच्या वर जाऊ नयेत, ट्रे चारच असावेत, एवढं त्याला पटवायलाच तिचा एक अख्खा दिवस गेला. मग तिनं नियम लिहायला घेतले. एकही बी उगवलं नाही तर लॉट कधीच पास होऊ नये. सगळंच्या सगळं उगवलं तर कधीच नापास होऊ नये. यंत्रानं शंभर वेळा प्रयत्न केले आणि निवांतपणे लिहून टाकलं की नियम टिकला. सर येता-जाता विचारायचे, “काय दैवशाला, सापडलं का काही?” विचारण्यात वाईट काही नव्हतं, पण ज्या सुरात विचारायचे त्यानं माझं टाळकं तापायचं. ती मान न उचलता म्हणायची, “न्हाई सर, अजून न्हाई.” आणि पुढचा नियम लिहायची. मी असते तर पहिल्याच दिवशी कीबोर्ड आपटून गाडी पकडली असती.

रविवारी ती वाटूरला गेली. सोमवारी आली ती जिना धावत चढून.

“तरन्नुम, गिरणीत काल एका बाईनं भांडण केलं. तिच्या आधी कुणीतरी मिरची दळली व्हती.”

“मग?”

“मंग काय! आधी कोण आलं यानं फरक पडायला नको, हा तर आपल्या भाषेचा मोठेपणा. आन् मी तोच नियम लिहिला न्हाई. चार ट्रे हायेत. कोणताबी आधी मोजा, कोणताबी नंतर. निकाल बदलायला नको.”

तिनं तो नियम लिहिला. दोनच ओळी. यंत्र चालवलं आणि नियम जागच्या जागी मोडला.

त्या साधनाची एक रीत मला फार आवडली. चूक सापडली की ते तिथं थांबत नाही. सापडलेलं अवघड उदाहरण ते लहान लहान करत नेतं, तांदूळ बाजूला सारून खडा तेवढा ताटात ठेवावा तसं. स्क्रीनवर चार आकडे उरले होते: शून्य, शून्य, शून्य, सहा. या क्रमानं दिले तर सॉफ्टवेअर म्हणत होतं, नापास. सहा आधी ठेवले तर म्हणत होतं, फरक जास्त आहे, पुन्हा तपासा. बी तेच, ट्रे तेच, निकाल दोन.

सर आले, बघितलं आणि हसले. “तीन ट्रेमध्ये एकही बी उगवलं नाही? अगं, असा लॉट लॅबपर्यंत येतो तरी का? मी खरी चूक म्हणालो होतो.”

“लॉट येत न्हाई, मान्य. पण निकाल बदलला. काहून बदलला?”

सरांनी नाइलाजानं कोड उघडला. त्यांनी चार ट्रेमधला सगळ्यात मोठा आकडा शोधलाच नव्हता. पहिला ट्रे तोच मोठा धरून त्यातून सगळ्यात लहान वजा केला होता.

“मग बरोबरच आहे की,” ते म्हणाले. “पहिला ट्रे नेहमी मोठाच असतो. नोंद बघ.”

आम्ही तिघांनी नोंद बघितली. पाच वर्षांत एकही लॉट असा नव्हता, की ज्यात पहिला ट्रे इतरांपेक्षा कमी होता. सर आम्हाला सिद्ध करून दाखवल्यासारखे खुर्चीत मागे टेकले. आता हास्केल मला येत नाही, पण अक्कल आहे. वाळू तीच, पाणी तेच, बी एकाच पोत्यातलं. दरवेळी पहिल्याच ट्रेला जास्त उगवायला कोण शिकवतं? मी तसं मोठ्यानं म्हणालेही. दैवशालानं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, “चल, गिरिजाबाईकडं.”

गिरिजाबाई ती लॅब निघाली तेव्हापासून तिथं आहेत. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हात कोपरापर्यंत वाळूचे. दैवशालानं विचारलं की पहिला ट्रे नेहमी जास्त कसा उगवतो. बाईंनी आम्हाला दोघींना वेड्यात काढलं.

“उगवत कुठं असतो? मी लिहिती आधी. चारी मोजती आन् ज्यात जास्त निघालं ते पहिलं लिहिती. लाभाचा ट्रे.”

“लाभाचा म्हंजे?”

“वाटूरची ना तू? खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत्यात का? लाभ म्हणत्यात. लाभ, दोन, तीन. मंग दुसऱ्याच्या बियाची सुरवात मी कमी आकड्यानं कशी करू? आकडा मी एक बी बदलत न्हाई बरं. चारीचे चारी हायेत तेच लिहिती. फक्त चांगलं आधी.”

यात बाईंचं काय चुकलं, मला सांगा. परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझ्या मामूंची अडत आहे. ते पहिल्या मापाला ‘बरकत’ म्हणतात आणि मगच दोन. आमच्याकडं एकानं सुरवात कुणीच करत नाही. बेरीज तीच राहते, सरासरी तीच राहते, म्हणून कुणी कधी विचारलं नाही. नोंद खरी होती आणि तरी निवडलेली होती. कुणी निवडली ते दैवशालाला त्या दिवशी कळलं.

ऑफिसात आल्यावर सरांना तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “सर, परतूरच्या लॅबमध्ये मोजणार कोण हाय?”

मोजणार होता कॅमेरा. ट्रे सरकत्या पट्ट्यावर जसे ठेवले जातील तसे तो मोजणार आणि आकडे थेट आमच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकणार. कॅमेऱ्याला लाभ माहीत नसतो. सरांनी त्यांच्या उदाहरणांतलंच एक घेतलं, ट्रेची अदलाबदल केली आणि स्वतःच्या हातानं चालवून बघितलं. जो लॉट पुन्हा तपासायला पाहिजे होता तो सरळ नापास झाला. तो कुणा खऱ्या माणसाचा लॉट होता, वर नावही होतं.

“तुझं खरं,” कल्याण सर म्हणाले. “क्विकचेक.” त्याच संध्याकाळी त्यांनी ती ओळ दुरुस्त केली, आणि शुक्रवारी कंपनीच्या माणसांना चूक कुणी काढली ते नाव घेऊन सांगितलं. हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरते. दैवशालानं तेव्हा काय केलं? डबा उघडला आणि म्हणाली, “अजून नियम लई राह्यले.”

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. जिंकलेल्या पैजेच्या गोष्टी ज्यानं त्यानं आपल्या सांगाव्यात.

हंगाम सुरू झाला. परतूरच्या लॅबमध्ये सुरवातीला सगळं नीट चालतं का हे बघायला दैवशाला आणि मी बसायला लागलो. मला घराजवळ म्हणून बरं, आणि तिला माझ्या अम्मीच्या हातचं खायला मिळायचं. एका दुपारी पट्ट्यावरून चार ट्रे गेले आणि लॉटचा नंबर स्क्रीनवर उमटला. दैवशाला ताठ झाली. तो नंबर तिला पाठ होता. दुर्गाबाईचा लॉट.

शहात्तर, ब्याण्णव, सत्तर, अडुसष्ट.

सॉफ्टवेअर म्हणालं, फरक मर्यादेबाहेर, पुन्हा तपासा.

सरासरी काढायला काही फंक्शनल भाषा लागत नाही. मी बोटांवर काढली. शहात्तरच्या वरच भरत होती. पंच्याहत्तरला पास. सरांची जुनी ओळ असती तर तिनं पहिला ट्रे मोठा धरला असता, शहात्तरमधून अडुसष्ट वजा केले असते, फरक किरकोळ म्हणून सोडला असता आणि लॉट पास झाला असता. मी दैवशालाकडं बघितलं. तिनं माझ्या आधीच काढली होती सरासरी.

दुसऱ्या तपासणीला पुन्हा बी काढलं, पुन्हा पेरलं. कोंब यायला लागतात तेवढे दिवस आम्ही दोघी एकमेकींशी हवापाण्याचं बोलत राहिलो. मग ट्रे आले. एक्काहत्तर, त्र्याहत्तर, सत्तर, बहात्तर. चारी एकमेकांना धरून. नापास.

माझा जीव तीळतीळ तुटला. “अजून एकदा करायला लावू,” मी म्हणाले. “मी बोलते लॅबवाल्यांशी. वाळूत काही असेल, पाणी कमी पडलं असेल. तुझी माय आहे ती, दैवशाला!”

“पास होईस्तोवर करायचं म्हंजे बी निवडूनच घेतल्यासारखं झालं.” तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. “माझ्याच नियमानं झालं ना हे. मंग तिला मीच सांगते. फोनवर न्हाई. चल वाटूरला.”

दुर्गाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. उन्हाळी भुईमूग पेरायचा होता. आम्हाला अवेळी आलेलं बघून तिनं सूप खाली ठेवलं.

“माय, आपला लॉट नापास झाला.”

“पहिल्याच खेपंला?”

“न्हाई. पहिल्या खेपंला ट्रे जुळलेच न्हाईत. एक लई चांगला, बाकीचे पडेल. म्हणून दुसऱ्यांदा केलं. दुसऱ्यांदा नापास.” मग तिनं एक श्वास घेतला आणि उरलेलंही सांगितलं. आधी कोडमध्ये चूक होती, ती हिनं काढली, ती राहिली असती तर पहिल्याच खेपेला पास झालं असतं. हे सांगायची काही गरज नव्हती. मी तिचा हात दाबलाही. पालथ्या घड्यावर पाणी.

दुर्गाबाई शेंगांकडं बघत बसली.

“खालच्या तुकड्यातला कापूस परतीच्या पावसात भिजल्ता, आतलं बी खराब झाल्तं,” ती म्हणाली. “वेगळा ठेवायला पायजे व्हता. मी वरच्या कोरड्यात मिसळला. म्हणलं, खपून जाईल.”

मला वाटलं, आपण तिथं नसतो तर बरं झालं असतं. दैवशाला उभी होती ती तशीच राहिली. ती इतकी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. सरांशी भांडतानाही नाही.

“तू मिसळला? तू?” तिचा आवाज फुटला. “त्या सोयाबीनपायी मला मारलं व्हतंस. सगळ्या गल्लीसमोर.”

“मारलं व्हतं,” दुर्गाबाई म्हणाली. “बराबर मारलं व्हतं.”

“आन् हे बी कुणाच्या तरी रानात गेलं असतं.”

“गेलं असतं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “बरं झालं तुला सापडलं. दुसऱ्या कुणाला सापडलं असतं तर मी भांडले असते.”

मग ती उठली, घरात गेली आणि एक गोणपाट भिजवून घेऊन आली. ओसरीवर ते पसरलं. भुईमुगाच्या दाण्यांचं पोतं ओढून दैवशालासमोर ठेवलं.

“तू भर मूठ. मी भरत न्हाई. माझी नजर जाऊन राह्यली आता पोत्यात.”

दैवशाला तिच्याकडं बघत राहिली. शेवटी दैवशालानं बाही वर केली, तोंड रस्त्याकडं फिरवलं आणि हात कोपरापर्यंत पोत्यात घातला. मूठ गोणपाटावर उघडली. मायलेकी समोरासमोर बसून दाणे मोजायला लागल्या. लाभ, दोन, तीन.

मध्येच एक काळपट, सुरकुतलेला दाणा आला. दुर्गाबाईचा हात तो बाजूला काढायला पुढं गेला, आणि तिथंच थांबला.

“राहू दे,” ती स्वतःच म्हणाली. “मोज त्याला.”